सैनिकांच्या पायाखालची चिठ्ठी

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो. महाराज सिंहासनावर, पहारेकरी दारात. पण त्यातला प्रत्येक मावळा कोण, हे सहसा कुणी लिहीत नाही. शोभेसाठी ते चालतं. मात्र वर्गात टेबलावर एखादी लढाई मांडून शिकवायची असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: चिठ्ठी नसलेली तुकडी टेबलावर ठेवूच नये.

ऐतिहासिक लढायांचे खेळ खेळणारे हौशी लोक हे काटेकोरपणे पाळतात. 1824 मध्ये प्रशियात राइसविट्झने लष्करासाठी जो युद्धखेळ तयार केला, त्यातही लाल-निळ्या ठोकळ्यांवर घोडदळ, पायदळ, तोफखाना यांच्या खुणा होत्या. खुणा नसतील तर कोण कुठे गेलं तेच कळत नाही. पण शाळेत या चिठ्ठीचा उपयोग त्याहून मोठा आहे.

असईची लढाईच घ्या. 23 सप्टेंबर 1803, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या मधली जागा. मुलं सहज दोन रंग करतात: एक ‘आपले’, एक ‘इंग्रज’. आता नावं लिहायला लावा. वेलस्लीकडे 74 वी आणि 78 वी या स्कॉटिश पलटणी, 19 वी गोरी घोडदळ पलटण. पण बाकीच्या बहुतेक पलटणी मद्रासी शिपायांच्या. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठा स्वारही त्याच्याच बाजूला. इकडे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले. पण शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख पोलमन, हा हॅनोव्हरचा. सोबत सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी.

मग वर्गात प्रश्न सुरू होतात. “बाई, मराठे दोन्हीकडे कसे?” “गोरा माणूस शिंद्यांकडे काय करत होता?” अहो, हाच तर धडा! रंगांनी जे झाकलं, ते चिठ्ठीने उघडं केलं. पगार, तैनाती फौज, सरदारांमधली फूट, हे सगळं मुलं आपणहून विचारतात.

काही शिक्षक म्हणतात, चिठ्ठ्यांनी देखावा बिघडतो. त्यावर उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याच्या तळपट्टीच्या मागच्या कडेला फक्त क्रमांक लिहा. तळाखाली चार गोष्टी: पलटणीचं नाव, कुणाच्या बाजूची, प्रमुख कोण, शिपाई कुठले. माहीत नसेल तिथे जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. ती कोरी जागाही मुलांना पुस्तकाकडे नेते. पायदळाला चौकटीत फुली, घोडदळाला एकच तिरपी रेघ, या लष्करी नकाशातल्या खुणा मुलांना पटकन जमतात.

आणखी एक. खेळात तुकडी मेली की आपण ती उचलून डब्यात टाकतो. असईत 74 व्या पलटणीची निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. डब्यात टाकण्याआधी मुलाने तळाखालची चिठ्ठी मोठ्याने वाचावी, एवढा एक नियम ठेवा. लढाई म्हणजे सोंगट्या नव्हेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पालकांनो, यंदा किल्ला कराल तेव्हा मावळ्यांपासूनच सुरुवात करा. हा कोण, एवढंच मुलाला विचारा, आणि उत्तर त्याच्याच हाताने लिहून घ्या.