दिवा आमचा, धूर कोणाचा?

कल्याणकरांस कोळशाच्या धुराची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. जवळच ठाकुर्लीस चोळे येथे रेल्वेचे वीजगृह होते व तेथील विजेवर घाट चढणाऱ्या गाड्या चालत. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ते बंद झाले. आज महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, परळी अशा दूरच्या ठिकाणी कोळसा जाळून निर्माण होतो. दिवा आमच्या घरी लागतो आणि धूर मात्र दुसऱ्याच्या अंगणात उतरतो.

या धुरात गंधकाचा वायू असतो. शास्त्राच्या वर्गात त्यास सल्फर डायऑक्साइड म्हणतात. हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात, वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातात व श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. त्यास आवर घालण्यासाठी डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने मर्यादा ठरविल्या. दोन वर्षांची मुदत होती. ती वारंवार वाढली. अखेर जुलै 2025 मध्ये नवा आदेश निघाला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरांच्या आतील वीजकेंद्रांनी 2027 अखेर ती मर्यादा पाळावयाची. परंतु सुमारे 78 टक्के संचांस, धुराडे पुरेसे उंच असल्यास, त्यातून सूट मिळाली.

2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची वस्ती बारा लाखांवर होती. म्हणजे आमच्यासारख्या शहरांची काळजी वाहिली गेली. मग खेड्यातील मुलाचे फुप्फुस काय निराळ्या धातूचे असते? धुराडे उंच केल्याने धूर नाहीसा होत नाही. तो जरा दूरच्या छपरावर पडतो, इतकेच. नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आम्ही मुलांस शिकवितो. त्या मेंढपाळाने कळपाची संख्या पाहून दया केली नाही.

कोणी म्हणतील, आपल्या कोळशात गंधक थोडे आहे आणि यंत्रे महाग आहेत. खर्च आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु थोडे गंधक असलेला कोळसाही डोंगराएवढा जाळला म्हणजे गंधक थोडे राहत नाही. शिवाय हे काम अशक्य नाही, हे डहाणूने दाखविले आहे. तो तालुका तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. चिकूच्या बागा वाचविण्यासाठी तेथील लोक न्यायालयात गेले. 1996 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याच्या चिकाटीमुळे 2007 साली समुद्राच्या पाण्याने धूर धुणारे यंत्र तेथे बसले.

या कामी ख्रिस्तमंडळीने मूक राहू नये. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी 2011 साली वीजकेंद्रांच्या पाऱ्यावरील मर्यादेचे स्वागत केले. कारण पारा गर्भातील बालकाच्या मेंदूस बाधतो. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीची जोपासना व गरिबांचा कैवार ही एकच गोष्ट मानली. शाळेच्या आवारात रोप लावणे चांगलेच. पण तेवढ्यावर शेजारधर्म पुरा होत नाही. सर्वांस एकच मर्यादा असावी, अशी मागणी सरकारदरबारी करणे हाही त्याचाच भाग होय.

विद्यार्थ्यांनो, रात्री अभ्यासास दिवा लावाल तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकास कोण श्वास घेत आहे, याचे स्मरण ठेवा. आणि पालकहो, अशा मागणीपत्रावर आपली सही असू द्या, एवढीच आमची विनंती आहे.