घरचा संगणक आणि अधिकारांची वाटणी

'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आणि नवा संगणक घेण्याचा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला. अशा वेळी किंमत आणि वेग यांची चर्चा होते. परंतु या यंत्रावर घरातील कोणाचा किती अधिकार असावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः हा प्रश्न जुनाच आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये एकच महागडा संगणक अनेकजण वापरीत, म्हणून प्रत्येकास स्वतंत्र खाते आणि पासवर्ड देण्याची रीत पडली. १९७०च्या दशकात 'युनिक्स' प्रणालीने प्रत्येक फाईलसाठी मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग मानून वाचणे, लिहिणे व चालविणे हे अधिकार वेगळे केले. १९७५ मध्ये साल्टझर आणि श्रोडर यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात हे तत्त्व मांडले, की प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा. पुढे संगणक स्वस्त झाला, 'एक माणूस, एक यंत्र' ही कल्पना रूढ झाली आणि डॉसमध्ये खात्यांची सोयच उरली नाही. साधन दुर्मिळ असताना जे नियम झाले, ते मुबलकतेत विसरले गेले. आपल्याकडे मात्र एकच संगणक सारे कुटुंब वापरते, असे चित्र आजही पुष्कळ घरांत दिसते.

विंडोजमध्ये प्रथम तयार होणारे खाते 'अॅडमिनिस्ट्रेटर'चे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे असते. त्याच एका खात्यातून वडील बँकेचे व्यवहार करतात, शिक्षिका असलेली आई प्रश्नपत्रिका तयार करते आणि मुलगा खेळ उतरवून घेतो. २००७ साली आलेल्या 'व्हिस्टा'पासून मोठे बदल करण्यापूर्वी विंडोज परवानगी विचारते. पण सर्वाधिकाऱ्यास त्यासाठी केवळ 'होय' म्हणावे लागते. साध्या खात्यातील व्यक्तीस सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड द्यावा लागतो. फरक एवढाच, पण तो निर्णायक आहे. 'होय' म्हणण्याची सवय जडली, की पहारेकरी असून नसल्यासारखाच.

यावर आक्षेप येतो, की घरात कसली आली कुलुपे? हा अविश्वास नव्हे काय? बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागून असतात. त्यात रोखपालाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नसते, उलट त्याच्यावर नाहक संशय येऊ नये हाच हेतू असतो. मुलाच्या हातून आईच्या गुणतक्त्यांची फाईल पुसली गेली, तर दोष मुलाचा की व्यवस्थेचा?

दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. सर्वाधिकारी इतरांच्या फायली उघडू शकतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. परंतु २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापरास लागू होत नाही. तात्पर्य, हा कायदा उंबऱ्याशी थांबतो. आत पत्नीची पत्रे, वयात आलेल्या मुलीची टिपणे यांचा मान राखणे घराच्या रीतीवरच अवलंबून राहते. हाच कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. परंतु पालकांच्याच खात्यात मूल बसले असेल, तर संमती दिली कोणी?

उपाय अवघड नाही. सर्वाधिकाऱ्याचे खाते वेगळे ठेवावे आणि केवळ नवे प्रोग्रॅम बसविण्यापुरते वापरावे. कर्त्या पुरुषासह प्रत्येकाचे दैनंदिन खाते साधेच असावे, आणि गृहिणीचेही स्वतंत्र असावे. सर्वांच्या छायाचित्रांसाठी एक सामाईक फोल्डर पुरे. अर्थात खाती म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. साध्या खात्यात शिरलेला घातक प्रोग्रॅमही त्या व्यक्तीच्या फायली नष्ट करू शकतो. म्हणून त्यांची दुसरी प्रत संगणकाबाहेर हवीच.

लोकशाहीत सत्तेची विभागणी का हवी, हे आपण वर्गात शिकवितो. ज्याच्या हाती सर्वाधिकार आहे, त्यानेच प्रथम आपली दैनंदिन सत्ता मर्यादित केली, तर तो धडा घरातील मुलांना पुस्तकाविना कळेल.