रद्दीच्या गठ्ठ्यातल्या पाच कादंबऱ्या

मंडळी, आजची पोस्ट राजकारणावर नाही. पण विषय सार्वजनिकच आहे, कारण आपलं वाचनालय चालतं ते तुमच्या-माझ्या वर्गणीवर आणि सरकारी अनुदानावर. पोस्ट लांब झाली आहे, सवडीने वाचा.

दोन महिन्यांपूर्वी पुस्तक बदलायला गेलो होतो. जिन्याखाली सुतळीने बांधलेले सात-आठ गठ्ठे दिसले. वरच्या गठ्ठ्यात नारायण धारपांचं पुस्तक होतं, कव्हर गेलेलं, कण्याला चिकटपट्टी. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तर उत्तर आलं, "निर्लेखन. जीर्ण पुस्तकं बाद करायचीत. यादी झाली की वार्षिक सभेत मंजुरी, मग रद्दी." मी म्हटलं, "त्याआधी यातली पाच वाचायला नेऊ का?" तर म्हणाले, "न्या की, तसंही कोण वाचतंय आता."

नेली. मी काही समीक्षक नाही. दुकान बंद केल्यावर रात्री तासभर वाचणारा माणूस. गेल्या वीस वर्षांत रहस्यकथा-भयकथांना हात लावला नव्हता, कारण मधल्या काळात मलाही वाटायला लागलं होतं की ते वय गेलं, आता जरा 'चांगलं' वाचावं. तर या पाच पुस्तकांबद्दल जे वाटलं ते सरळ सांगतो.

पहिलं 'लुचाई', नारायण धारप. रात्री साडेदहाला उघडलं आणि दीडला दिवा बंद केला, तोही बायको ओरडली म्हणून. कल्पना स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली आहे, हे धारपांचे वाचक जाणतात. 'शपथ'चंही तसंच, ती किंगच्या 'इट'वरून. आज कुणी असं केलं तर पहिल्या पानावर मूळ लेखकाचं श्रेय ठळक द्यायलाच हवं, यात दुमत नाही. पण उचललेली गोष्ट आपल्या मातीत रुजवणं सोपं नसतं. अमेरिकेतल्या गावात चर्च असतं, क्रॉस असतो, शवपेटी असते. मराठी गावात यातलं काय चालणार? तिथे भीती वाड्यातून आली पाहिजे आणि आधार देवघरातून. धारपांना ते जमतं. एका ओळीत भूत दाखवून मोकळं व्हायची त्यांना घाई नाही. आधी गाव उभं करतात, माणसं ओळखीची करतात, आणि मग त्यातला एकेक माणूस बदलायला लागतो. खटकलं ते बाईमाणसांचं चित्रण. बऱ्याचदा त्या घाबरायला किंवा वाचवून घ्यायलाच असतात.

दुसरं धारपांचंच, 'समर्थ' मालिकेतलं. लहानपणी यातली भुतं आवडायची, आता समर्थ आवडले. शांत आवाजात बोलणारा, समोरच्याचं म्हणणं आधी नीट ऐकून घेणारा माणूस. संकटात सापडलेला माणूस येतो, सांगतो आणि समर्थ त्याला वेडा ठरवत नाहीत. गोष्टींचा साचा ठरलेला आहे, शेवट आधीच कळतो. तरी वाचून झोप छान लागली, हे भयकथेबद्दल म्हणणं विचित्र वाटेल, पण खरं आहे.

तिसरं 'वामन परत न आला', डॉ. जयंत नारळीकर. उत्खननात एका प्राचीन, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीने ठेवलेलं ज्ञान सापडतं, त्यावरून माणसं एक यंत्रमानव तयार करतात आणि त्याचं नाव ठेवतात वामन. बळीच्या गोष्टीतल्या वामनाला तीन पावलं जमीन हवी होती. या वामनाला काय हवं आहे, हे हळूहळू कळत जातं. खरं सांगायचं तर यातली माणसं पुठ्ठ्याची वाटतात. दोघं बोलायला लागले की वर्गात तास सुरू झाल्यासारखं होतं. पण पुस्तक चाळीसेक वर्षांपूर्वीचं आहे, आणि आज जो तो कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलतोय. मशीन आपल्यापेक्षा हुशार झालं आणि त्याला स्वतःसारखं आणखी एक बनवावंसं वाटलं तर काय, हा प्रश्न मराठीत तेव्हाच विचारून झाला होता. आमच्या दुकानात काम करणारा पोरगा दिवसभर मोबाईलवर त्या चॅटबॉटशी बोलत असतो. त्याला ही गोष्ट तोंडी सांगितली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारतो, "काका, मग वामनचं काय झालं?" मी म्हटलं, वाच. आता पुस्तक त्याच्याकडे आहे.

चौथं बाबूराव अर्नाळकर, झुंजारची एक गोष्ट. हजाराच्या वर पुस्तकं लिहिलेला माणूस. काळापहाड, धनंजय, छोटू ही नावं आपल्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होती. प्रामाणिकपणे सांगतो, आज वाचताना ताण जाणवला नाही. योगायोग फार, खलनायक ओळखायला दोन प्रकरणं पुरतात. पण भाषा बघा. छोटी छोटी वाक्यं, एकही शब्द अडत नाही, प्रकरण संपतं ते दार वाजलं की. ज्याने नुकतंच जोडाक्षर शिकलंय त्यालाही वाचता येईल असं मराठी त्या काळी किती जण लिहीत होते? गिरणीतला कामगार आणि हॉटेलातला पोऱ्या ज्याची वाट बघायचा, तो लेखक हा.

पाचवं सुहास शिरवळकर, बॅरिस्टर अमर विश्वासची कादंबरी. 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये सिनेमा आला म्हणून ते नाव सगळ्यांना माहीत, पण त्यांच्या रहस्यकथा पोरांना ठाऊक नाहीत. संवाद एक नंबर. कोर्टातली उलटतपासणी वाचताना आपणही मनातल्या मनात पुढचा प्रश्न विचारतो. नायकाचा रुबाब आज जरा जास्तच वाटतो आणि बायकांच्या दिसण्याची वर्णनं काढून टाकली असती तर पुस्तक दहा पानांनी कमी झालं असतं आणि चांगलंही झालं असतं.

सहावं पुस्तक मी विकत घेतलं, कारण वाचनालयात ते नव्हतंच. हृषीकेश गुप्ते यांचं 'हाकामारी'. हाकामारी म्हणजे काय हे खेड्यात वाढलेल्यांना सांगायला नको. रात्री ओळखीच्या आवाजात दारातून हाक येते, ओ दिली की संपलं. माझी आजी म्हणायची, तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नको. हा माणूस आजचा आहे, त्याची भाषा कसदार आहे, आणि भीतीच्या गोष्टीतही माणसांच्या मनातलं बघणारं लिहितो. म्हणजे ही परंपरा धारपांबरोबर संपली असंही नाही. आपल्या कपाटापर्यंत ती पोचली नाही, एवढंच.

आता मुद्द्यावर येतो.

या सहा पुस्तकांत एकही असं नाही की ज्यात मला दोष दिसला नाही. पण सहाही मी पूर्ण वाचली. त्याआधी वर्षभरात 'वाचलंच पाहिजे' म्हणून आणलेल्या पुस्तकांपैकी अर्धी परत केली, पन्नासाव्या पानावर खूण ठेवून. यात त्या पुस्तकांना कमी लेखायचं नाही. त्यातली काही मी पुढे वाचेनही. पण दिवसभर काम केलेल्या माणसाला पुन्हा वाचनाकडे ओढून आणलं ते 'पुढे काय?' या प्रश्नाने. चौदा वर्षांच्या पोराचंही तेच आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेमागे फुरसुंगीपासून धावत सुटलेली मुलंच पुढे जाऊन जड पुस्तकं वाचू लागली. पहिली पायरी काढून टाकायची आणि वर कुणी येत नाही म्हणून रडायचं, हे आपण करतोय.

ही पायरी कमी दर्जाची मानायची सवय जुनी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती ना. वि. जगताप या टोपणनावाने, आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला तो आत्मचरित्राला. ते आत्मचरित्र उत्तमच आहे. तरी ज्यांच्या विज्ञानकथा वाचून दोन पिढ्या मोठ्या झाल्या त्यांच्याबाबतीतही असं होतं, तर धारप-अर्नाळकरांचं काय घेऊन बसलात?

"कोण वाचतंय आता" याचं उत्तरही देतो. 'तुंबाड' सिनेमा आठवतो ना? त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला, आणि २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. आपल्याच गावातली पोरं शहरात जाऊन बघून आली, स्टेटस ठेवले. सिनेमा हिंदीत होता. त्या पोरांना कुणी सांगितलं का, की बाबांनो, या माणसाची पुस्तकं आपल्याच वाचनालयात आहेत, मराठीत आहेत, आणि सध्या जिन्याखाली सुतळीत बांधून ठेवली आहेत?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याकडेही पेढे वाटले, मीही खाल्ले. अभिजात दर्जा भाषेच्या जुनेपणाला आणि थोरपणाला मिळतो. भाषा जिवंत राहते ती मात्र रात्री दीड वाजता पान उलटणाऱ्या माणसामुळे.

दुसरी बाजूही आहे. कार्यकारिणीतली मंडळी माझ्या ओळखीची आहेत, फुकट राबतात. जागा अपुरी आहे. पावसाळ्यात एक भिंत ओलीच असते. अनुदान वेळेवर येत नाही. वाळवी लागलेलं एक पुस्तक शंभर पुस्तकं खराब करतं, म्हणून निर्लेखन करावंच लागतं. हे सगळं मान्य. माझा आक्षेप फक्त निवडीच्या पद्धतीला आहे. यादी करताना बघितलं गेलं ते पुस्तक फाटलंय की नाही एवढंच. मी आणलेल्या पाचांपैकी चार पुस्तकांच्या मागे देवघेवीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. धारपांच्या 'लुचाई'वर तारखांचे शिक्के इतके, की एकावर एक मारलेत. त्याच वाचनालयात वरच्या मजल्यावर अशी कपाटं आहेत ज्यातली पुस्तकं कोरी करकरीत आहेत, कारण ती कुणी उघडलीच नाहीत. ती यादीत नाहीत. म्हणजे लोकांनी वाचलेलं पुस्तक रद्दीत आणि न वाचलेलं कपाटात, असा हा हिशोब झाला.

राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. 'सार्वजनिक' या शब्दात विकत घेऊ न शकणारा वाचकही येतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो ऑनलाइन मागवेल, नाहीतर ऑडिओबुक ऐकेल. वर्षाच्या वर्गणीत ज्याला वाचायचंय, त्याला वाचनालयाशिवाय दुसरं दार नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी चार गोष्टी मांडणार आहे.

एक. बाद करायच्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकासमोर शेवटच्या पाच वर्षांत ते किती वेळा गेलं, ते लिहावं. रजिस्टर आहे, दोन दिवसांचं काम आहे. मी स्वतः बसायला तयार आहे.

दोन. जे पुस्तक जास्त गेलं आणि फाटलं, ते बाइंडिंगला द्यावं. त्यापलीकडचं असेल तर नवी प्रत घ्यावी. धारपांची पुस्तकं नव्याने छापली जातात, दुकानात मिळतात.

तीन. रहस्य, भय, विज्ञान आणि साहस यांचं एक कपाट दाराजवळ, पोरांच्या हाताला येईल असं ठेवावं. त्यात जुन्यांबरोबर आजचे लेखकही असावेत.

चार. मागणीची वही टेबलावर उघडी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी त्यातली किमान काही पुस्तकं घ्यावीत.

यात काही क्रांती नाही. पहिल्या नव्या प्रतींसाठी मी माझ्याकडून पाच पुस्तकांचे पैसे देतो. आणखी चार-पाच जण पुढे आले तर कपाटाचा एक खण भरेल.

जे सभासद आहेत त्यांनी सभेला या. बोलायचं नसेल तर हात वर करायला या. कोरमअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने सात जणांत सगळं मंजूर होतं, हे आपण दर वर्षी बघतो. जे सभासद नाहीत त्यांनी आधी सभासद व्हा, मग मला शिव्या घाला.

आणि कमेंटमध्ये एक सांगा. तुम्हाला वाचनाची गोडी लागली ती कोणत्या पुस्तकाने? मोठं नाव आठवून लिहू नका. जे खरंच पांघरुणात टॉर्च लावून वाचलं होतं, ते लिहा. ती यादी छापून मी सभेत नेणार आहे.

ता. क. 'वामन' अजून दुकानातल्या पोराकडेच आहे. परत करायची तारीख उलटून गेली. दंड मी भरणार आहे.