आज शिक्षक दिन, उद्या पोळा

यंदा, म्हणजे २०२१ मध्ये, कॅलेंडरनेच थट्टा केली आहे. आज ५ सप्टेंबर, शिक्षक दिन. उद्या ६ तारखेला पोळा. म्हणजे आज संध्याकाळी गावोगावी बैलांची खांदेमळणी. वर्षभर जू घासून सोललेल्या खांद्याला लोणी-हळद लावायची, उद्या झूल घालायची, पुरणपोळी चारायची, आणि परवा सकाळी पुन्हा औताला जुंपायचं.

सकाळपासून सगळ्यांचे स्टेटस बघतोय. संस्कृत श्लोक, राधाकृष्णन यांचा फोटो, 'माझ्या जडणघडणीत ज्यांचा वाटा' वगैरे. छान आहे. पण यातली अर्धी मंडळी अशी आहेत की गेले सतरा महिने चहाच्या टपरीवर एकच वाक्य बोलत होती : "शाळा बंद, मास्तर घरी, पगार फुकट." आज श्लोक टाकणाऱ्या काही पुढाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. नावं घेत नाही, ते ही पोस्ट वाचतीलच.

शिक्षकांची बाजू घेतली की 'पाकीट आलं का' असं विचारणारे भाऊ कमेंटमध्ये येतील. या. पण आधी हिशेब वाचा, मग बोला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. त्यानंतर मास्तर कुठे होता? जिल्ह्याच्या सीमेवर चेकपोस्टवर, पोलिसाच्या शेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद घेत. रेशन दुकानासमोर, लोकांना अंतरावर उभं करत. त्याच्याच शाळेत विलगीकरण कक्ष झाला, तिथे पुण्या-मुंबईहून आलेल्यांची यादी करत. तेव्हा आपण घरात बसून रामायण बघत होतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्या पथकांत आशाताईंच्या बरोबर किती ठिकाणी शिक्षक होते, आठवा. काही घरांनी त्यांना दारातूनच हाकललं. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. मतदान केंद्रावर कोण होतं? तोच फुकट पगारवाला. दुसऱ्या लाटेत पुन्हा सर्वेक्षण, पुन्हा चेकपोस्ट, लसीकरण केंद्रावर नोंदणी. आणि या सगळ्यात पोषण आहाराचे तांदूळ, डाळ, कडधान्य पोरागणिक मोजून वाटायचं, पालकांच्या सह्या घ्यायच्या, हे त्याचंच काम.

आता कायद्याचं बोलू, कारण दोन्ही बाजू कायदा अर्धाच सांगतात. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही, पण तीन अपवाद आहेत : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. कोरोना ही आपत्तीच होती. त्यामुळे 'आम्हाला ड्यूटी दिलीच कशी' हा काही संघटनांचा सूर मला मान्य नाही. आपत्तीत सरकारी माणूस कामाला लागतो, लागलाच पाहिजे.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपत्तीच्या कामाला लावलं, तर ते काम आहे हे मान्य करा. इथे काय झालं? दिवसभर चेकपोस्ट, आणि संध्याकाळी केंद्रातून मेसेज : 'आज किती विद्यार्थ्यांनी ऑनलाइन अभ्यास केला, तात्काळ माहिती भरा.' एका माणसाला दोन ठिकाणी हजर दाखवायचं, आणि तिसरीकडे बोलायचं की तो घरी झोपलाय! असा कारभार फक्त आपल्याकडेच होऊ शकतो.

आणि धोक्याचं काय? ड्यूटीवर मृत्यू झाला तर कुटुंबाला ५० लाख, असं राज्य सरकारने मे २०२० मध्येच जाहीर केलं. जाहीर करणं सोपं असतं. मग सुरू होतात कागद. ड्यूटीचा लेखी आदेश आहे का? शेवटच्या दिवसांतली हजेरी आहे का? अहो, अर्ध्या ड्यूट्या फोनवर आणि ग्रुपवर लावल्या. माणूस गेल्यावर त्याच्या बायकोने आदेशाची प्रत कुठून आणायची? उत्तर प्रदेशात तर २०२१ च्या पंचायत निवडणुकीनंतर शिक्षक संघटनेने १,६२१ मृतांची यादी दिली, आणि सरकार सुरुवातीला म्हणालं, तीन. जास्त आरडाओरडा झाल्यावर नियम बदलले. आपण त्यांना हसण्याच्या लायकीचे नाही. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आणि शिक्षक दिनाच्या आधी सगळ्या शिक्षकांना लस द्या हे केंद्राला सुचलं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

आता ऑनलाइन शिक्षणाकडे येऊ. खरा घोळ इथे आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा २०१७-१८ चा अहवाल सांगतो की देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती. कॉम्प्युटर साडेचार टक्के घरांतसुद्धा नाही. लॉकडाऊनमध्ये लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले, हे खरं. 'असर'च्या २०२० च्या अहवालानुसार शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता. म्हणजे शंभरातल्या ३८ पोरांच्या घरात तेव्हाही नव्हता. आणि घरात फोन असणं आणि पोराच्या हातात फोन असणं यात फरक आहे. आपल्या बीड जिल्ह्यात तरी हे समजावून सांगायची गरज नसावी. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन माणसं कारखान्याला निघतात. घरातला एकुलता एक फोन बापाच्या खिशात, बाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर, आणि पोरगं आजीजवळ. किंवा पोरगंही फडावर. कुठली लिंक आणि कुठला झूम?

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज यायची. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीसाठी, आणि ते खरंच चांगलं होतं. नागपूर विभागात आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' चालली. या गोष्टी उपयोगी होत्या, कारण त्यांना डेटा पॅक लागत नव्हता. पण टीव्ही आणि रेडिओची टक्केवारी काढता येत नाही ना! टक्केवारी लिंकची निघते. म्हणून सगळा जोर लिंकवर. 'स्वाध्याय' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप उपक्रम आला, आणि बघता बघता त्याची शर्यत झाली. कुठला जिल्हा पुढे, कुठला तालुका मागे, कुठल्या शाळेची नोंदणी कमी. पोरांना काय येतं हा प्रश्न बाजूला. किती पोरांनी क्लिक केलं, हा प्रश्न मोठा.

एका वस्तीशाळेच्या गुरुजींनी मला त्यांचा फोन दाखवला. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग. फोनमध्ये शाळेच्या कामाचे अकरा ग्रुप. वर्गाचे, पालकांचे, केंद्राचे, तालुक्याचे, पोषण आहाराचे, ड्यूटीचे. एकच माहिती तीन वेळा : एकदा गुगल फॉर्ममध्ये, एकदा एक्सेलमध्ये, एकदा कागदावर सही-शिक्क्यासह. प्रत्येकावर 'अतितातडीचे', खाली 'विलंब झाल्यास सर्वस्वी आपण जबाबदार'. रिचार्ज स्वतःच्या खिशातून. बाईंची अवस्था तर याहून वाईट. सकाळी घरचा स्वयंपाक, दुपारी ड्यूटी, रात्री अकरा वाजता पालकांचे फोन, कारण बाप कामावरून आल्यावरच फोन पोराच्या हातात येतो. याला कुठे नोंद आहे? कुठल्या हजेरीपत्रकात हे तास लिहिलेत?

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर ही पोस्ट खोटी ठरेल.

काही शिक्षक खरंच घरी बसले. प्लॉटिंग केलं, पॉलिसी विकल्या, शेतात मोटार बसवली, आणि ग्रुपवर रोज सकाळी एक लिंक ढकलून मोकळे झाले. गावाला ते माहीत आहे. त्यांच्या सहकाऱ्यांना तर जास्त माहीत आहे, पण संघटनेचा माणूस म्हणून कोणी बोलत नाही. संघटनांनी बदल्या आणि वेतनश्रेणीसाठी जेवढी निवेदनं दिली, त्याच्या चौथा हिस्सा तरी 'शाळा उघडा' म्हणून दिली का, हे त्यांनी स्वतःलाच विचारावं.

पण दुसरीकडे असेही गुरुजी होते, जे दुचाकीवर वस्तीवस्तीवर गेले, ओट्यावर, पारावर, मंदिराच्या सभामंडपात पाच-पाच पोरं बसवून शिकवत राहिले. सोलापूर जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले आणि निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ जणांना वाटून टाकली. तेव्हाही तुम्ही स्टेटस ठेवलं होतं.

सांगायचा मुद्दा हा की लिंक ढकलणारा आणि वस्तीवर जाणारा, दोघांची टक्केवारी कागदावर सारखीच दिसते. उलट लिंकवाल्याची जास्त, कारण त्याच्याकडे माहिती भरायला वेळ आहे. जी व्यवस्था या दोघांत फरक करू शकत नाही, तिने कामचुकारांना पोसलं आणि राबणाऱ्यांना शिव्या खाऊ घातल्या. 'सगळे फुकटे' म्हणणारे आपण त्याच व्यवस्थेला हातभार लावतो. सगळेच चोर ठरवले की खरा चोर निवांत झोपतो.

आणि ज्यांना पगारच नव्हता त्यांचं काय? विनाअनुदानित आणि खाजगी इंग्रजी शाळांतले शिक्षक. फी आली नाही म्हणून कुठे अर्धा पगार, कुठे काहीच नाही. भाजीचा गाडा लावलेले, मजुरीला गेलेले सर आपल्या तालुक्यातच आहेत. ऑनलाइन तास मात्र त्यांनीही घेतले. त्यांच्यासाठी आज श्लोक आहे, पॅकेज नाही.

मग शाळा बंद कोणी ठेवल्या? मास्तरांनी? १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावी सुरू करायला परवानगी मिळाली. मग १० ऑगस्टला आदेश निघाला : १७ तारखेपासून ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग सुरू. दोन दिवसांत टास्क फोर्सचा विरोध आणि आदेश थांबला. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्टपासून, मॉल उघडले आणि हॉटेलं रात्री दहापर्यंत सुरू झाली. टास्क फोर्सला मुलांची काळजी होती, मान्य. पण जे पोरगं आठवडी बाजारात, लग्नात, यात्रेत बापाच्या खांद्यावर फिरत होतं, त्याला फक्त शाळेतच कोरोना होणार होता का? २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर २०२१ मध्ये दुसरीत गेलं, आणि त्याने वर्गातला फळा बघितलेला नव्हता.

२०२१ मध्ये दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षा नाही, नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल. पेढे वाटले. १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला, तोही आपल्याकडे बहुतेक फोनवरच. पूल बांधला, पण खाली नदी किती खोल आहे ते कोणी मोजलं नाही. शाळा उघडल्यावर ते मोजलं जाईल, आणि तेव्हा पुन्हा बोट मास्तरकडेच जाईल : 'पोरांना वाचता येत नाही, करत काय होतात?' हे मी आज लिहून ठेवतो.

म्हणून आज शुभेच्छांऐवजी चार मागण्या.

एक. खेड्यातल्या पहिली ते सातवीच्या शाळा आधी उघडा. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांची शाळा सगळ्यात शेवटी, हा कुठला न्याय? निर्णय गाव, ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीवर सोडा.

दोन. शाळा उघडल्यापासून किमान सहा महिने शिक्षकांकडे कलम २७ बाहेरचं एकही काम नको. एक माहिती एकदाच मागा. तालुक्याला जी माहिती गेली, ती जिल्ह्याने तालुक्याकडून घ्यावी.

तीन. ड्यूटी करताना गेलेल्या शिक्षकांची तालुकावार यादी जाहीर करा. तोंडी ड्यूटी लावली असेल, तर लावणाऱ्या अधिकाऱ्याने ते लिहून द्यावं. विधवेला खेटे घालायला लावू नका.

चार. रिकाम्या जागा भरा. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, पोरं २०२१ मध्येही पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसली होती. मे २०२० मध्ये आरोग्य सोडून बाकी नोकरभरतीवर बंदी आणली. पोरं दीड वर्ष मागे पडलीत, त्यांना पुढे आणायला माणसं लागतील, ॲप नाही.

आणि आपल्यासाठी, म्हणजे पालकांसाठी आणि गावकऱ्यांसाठी एक. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त आपणच आहोत. शेवटची बैठक कधी झाली, ते किती जणांना सांगता येईल? गुरुजी कामचुकार असतील तर तिथे नाव घेऊन विचारा. कामाचे असतील तर तिथेच त्यांच्या मागे उभे राहा. टपरीवर बोलून दोन्हीपैकी काहीच होत नाही.

खांदे मळायचे असतील तर मळा. पण आधी जू किती जड आहे, ते उचलून बघा.

(आपल्या गावातल्या शाळेत या सतरा महिन्यांत काय झालं, चांगलं-वाईट दोन्ही, कमेंटमध्ये लिहा. शिवीगाळ डिलीट होईल. अधिकारी मंडळींना उत्तर द्यायचं असेल, तर ते जसंच्या तसं याच भिंतीवर टाकीन.)