बासरीवाला राजा

राजपुत्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मखमली अंगरखा, पांढरा घोडा आणि मागेल ते पुढ्यात हजर! पण आज ज्याची गोष्ट सांगतेय तो राजपुत्र वडिलांचा मार खात मोठा झाला. तोही चारचौघांत, नोकराचाकरांच्या देखत!

त्याचं नाव फ्रेडरिक. जन्म २४ जानेवारी १७१२, बर्लिनचा. तेव्हा जर्मनी हा एक देश नव्हता बरं का! लहानमोठी कितीतरी राज्यं होती, त्यातलंच एक प्रशिया. फ्रेडरिकचे वडील फ्रेडरिक विल्यम हे तिथले राजे. काटकसरी, कामसू आणि भयंकर तापट. त्यांना वेड एकच, सैन्याचं. उंच शिपायांचं तर इतकं, की सहा फुटांच्या वरचे जवान देशोदेशींहून शोधून आणायचे, कधी चक्क पळवूनही आणायचे! एरवी पैशापैशाचा हिशोब ठेवणारा हा राजा तिथं मात्र हात सैल सोडायचा.

आणि मुलगा? त्याला आवडायची पुस्तकं आणि बासरी. आपल्याकडे धरतात तशीच आडवी धरायची बासरी. क्वांट्झ नावाचे मोठे वादक त्याला चोरून शिकवायचे. एकदा शिकवणी चालू असताना राजेसाहेब अचानक आले, तेव्हा क्वांट्झ बासऱ्यांसकट एका खोपटीवजा खोलीत लपून बसले, अशी गोष्ट सांगतात. त्यांना लपवायला मदत करणारा होता फ्रेडरिकचा जिवलग मित्र, काट्टे. हा तरुण सैन्यात लेफ्टनंट होता.

काट्टेचं नाव लक्षात ठेवा.

१७३० च्या ऑगस्टमध्ये वडिलांबरोबर दौऱ्यावर असताना अठरा वर्षांच्या फ्रेडरिकनं पळून जायचं ठरवलं. आधी फ्रान्स, मग इंग्लंड. बेत काट्टेला ठाऊक होता. पण तो फुटला आणि दोघंही पकडले गेले. राजाच्या दृष्टीनं हे पोराचं घर सोडणं नव्हतं, सैनिकाचं पलायन होतं! लष्करी न्यायालयानं काट्टेला जन्मठेप दिली. राजाला ती पुरेशी वाटली नाही. त्यानं स्वतःच्या अधिकारात शिक्षा बदलली – शिरच्छेद.

६ नोव्हेंबर १७३०. क्युस्ट्रीनच्या किल्ल्यात फ्रेडरिक कैदेत होता. त्याला खिडकीशी उभं केलं. खालून काट्टेला नेत होते. फ्रेडरिकनं ओरडून त्याची क्षमा मागितली. काट्टेनं, क्षमा करण्यासारखं काही नाहीच, अशा अर्थाचं उत्तर दिलं. फ्रेडरिक बेशुद्ध होऊन कोसळला. काट्टे अवघा सव्वीस वर्षांचा होता.

त्यानंतर फ्रेडरिक वरून तरी आज्ञाधारक झाला. कवायत शिकला, कारभार शिकला. मनातलं मनात ठेवायला शिकला.

३१ मे १७४० रोजी वडील वारले आणि तो राजा झाला. वय अठ्ठावीस. पहिल्या काही दिवसांतच त्यानं काय केलं माहीत आहे? गरिबांसाठी सरकारी कोठारांतलं धान्य खुलं केलं. गुन्हा कबूल करून घेण्यासाठी कैद्यांचे हाल करायची पद्धत, थोडे अपवाद ठेवून, बंद केली. उंच शिपायांचं महागडं खूळही संपवलं. राजा म्हणजे प्रजेचा पहिला सेवक, असं तो म्हणायचा. लोकांना वाटलं, वा, आता बासरीचं राज्य येणार!

पण सात महिनेसुद्धा झाले नाहीत, तोच डिसेंबरात हाच राजा फौज घेऊन सायलेशियावर चालून गेला. हा प्रांत ऑस्ट्रियाचा. तिथं तेवीस वर्षांची मारिया थेरेसा नुकतीच गादीवर आली होती. फ्रेडरिकचं तिच्याशी काही भांडण नव्हतं हो! प्रांत श्रीमंत होता, संधी होती आणि वडिलांनी वाढवून ठेवलेलं ऐंशी हजारांचं सैन्य तयार होतं. ज्या सैन्यापायी त्याचं बालपण करपलं, तेच त्यानं वापरलं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ‘फ्रेडरिक द ग्रेट’ म्हणतात. मला या जागी तो शब्द घशाखाली उतरत नाही.

त्या प्रांतापायी तीन युद्धं झाली. शेवटचं सात वर्षं चाललं, १७५६ ते १७६३. ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया सगळे एका बाजूला! १७५९ साली कुनर्सडॉर्फला तर फ्रेडरिकचा पार धुव्वा उडाला. त्याच्या अंगाखालचे दोन घोडे पडले. एक गोळी खिशातल्या तपकिरीच्या डबीवर आपटली म्हणून तो वाचला. पुढं १७६२ च्या जानेवारीत रशियाची राणी वारली. नवा झार निघाला फ्रेडरिकचा चाहता! त्यानं तह केला आणि प्रशिया बचावली. सायलेशिया फ्रेडरिककडेच राहिला, पण त्यासाठी लाखावर प्रशियन सैनिक मेले होते. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट बघत असणारच ना?

युद्ध संपलं त्याच वर्षी त्यानं हुकूम काढला, पाच वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे. (आता का नाकं मुरडता?) मास्तर मात्र पुरेसे नव्हते आणि पगार तुटपुंजा. पुढे तर युद्धात जायबंदी झालेल्या जुन्या शिपायांनाही मास्तर म्हणून नेमायला सांगितलं. त्या वर्गांत शिस्त कशी असेल, कल्पना करा!

दुष्काळात लोक तगावेत म्हणून १७५६ सालीच त्यानं शेतकऱ्यांना बटाटा लावायला फर्मावलं होतं. लोक त्या मातकट कंदाला हात लावेनात. मग राजानं बटाट्याच्या शेताभोवती पहारा बसवला, तेव्हा काहीतरी मौल्यवान असणार म्हणून लोकांनी तो चोरून नेला, अशी एक दंतकथा आहे. दंतकथाच, पण गंमतशीर!

बासरी त्यानं म्हातारपणी दात पडेपर्यंत सोडली नाही. शंभरावर रचना केल्या. पॉट्सडॅमला साँसुसी नावाचा छोटा महाल बांधला. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘चिंतेविना’. तिथल्याच गच्चीवर, आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी आपल्याला पुरावं, असं त्यानं लिहून ठेवलं होतं.

१७ ऑगस्ट १७८६ रोजी तो वारला. गादीवर आलेल्या पुतण्यानं ती इच्छा बाजूला ठेवली आणि त्याला चर्चमध्ये पुरलं. कुणाशेजारी? वडिलांच्या!

दुसऱ्या महायुद्धात दोघांच्या शवपेट्या मिठाच्या खाणीत लपवल्या, मग इकडून तिकडे हलवल्या. अखेर १७ ऑगस्ट १९९१ ला, तब्बल दोनशे पाच वर्षांनी, फ्रेडरिकला साँसुसीच्या गच्चीवर कुत्र्यांशेजारी जागा मिळाली. साधी फरशी आहे, वर फक्त नाव. येणारेजाणारे तिच्यावर फुलांबरोबर बटाटे ठेवून जातात.