खेळघर : खिंड पटावर की डोक्यात?

दिवाळीचा किल्ला मोडला तरी मावळे टाकू नका. गेल्या शुक्रवारी आमच्याकडे मुलांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या धर्तीवर घोडखिंड, म्हणजे पुढची पावनखिंड, खेळायला घेतली. (हा अमेरिकन खेळ १९७४ चा. त्याचं मूळ मात्र पटावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या लढायांत.) एकाने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते बोलायचं, निकाल फाशांचा.

पहिल्या डावात पट नव्हताच. जुलै १६६० ची रात्र, पन्हाळ्याहून निसटणं, पाऊस, चिखल, मागे सिद्दी मसूद. दिवे मालवून आम्ही सांगत होतो, मुलं चिडीचूप. खिंडीत मात्र भांडण पेटलं. "तो माझ्यापर्यंत पोचलाच कसा?" "मी मागे होतो!" प्रत्येकाच्या डोक्यातली खिंड निराळी. त्यांचा तरी काय दोष? इथला सर्वात उंच जबल दुखान दीडशे मीटरसुद्धा नाही. सह्याद्रीतली खिंड यांनी पाहिली कुठे?

मग चौकटीच्या वहीचा कागद, दोन्हीकडे पुस्तकांच्या भिंती, एक चौकोन ५ फुटांचा, शत्रू म्हणून हरभरे. वाट दोन चौकोनांची. पुढे दोन मावळे, समोर दोनच हरभरे, बाकीचे मागे ताटकळत. "म्हणजे आपण थोडे असलो तरी चालतं!" धाकटा ओरडला. बाजीप्रभूंनी तीच जागा का धरली, हे आम्ही दोन वर्षं तोंडाने सांगत होतो.

तोटा एवढाच, की पट आला आणि पाऊस थांबला. सगळे हरभरेच मोजू लागले. म्हणून पुढच्या खेपेला पाठलाग अंधारात, खिंड पटावर. हरभरे मात्र मोजून परत घ्या, आमचे चार अजून सोफ्याखाली आहेत.