माहिती पुरेशी आहे का?

जीमॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेतला 'डेटा सफिशियन्सी' हा प्रश्नप्रकार उत्तर मागतच नाही. एक प्रश्न, त्याखाली दोन विधाने. प्रश्न सोडवायला त्यातले एखादे विधान पुरते का, दोन्ही लागतात का, की दोन्ही मिळूनही भागत नाही, एवढेच ठरवायचे. 2023 च्या अखेरीस परीक्षेची रचना बदलली आणि हा प्रकार गणिताच्या विभागातून 'डेटा इनसाइट्स'मध्ये गेला. ते योग्यच झाले, कारण इथे आकडेमोडीपेक्षा विवेकाचा कस लागतो.

संभाव्यतेच्या उदाहरणांत तर तो फारच लागतो. पिशवीत लाल आणि पांढरे चेंडू आहेत. एकापाठोपाठ दोन काढले, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? पहिले विधान सांगते, लाल-पांढऱ्यांचे प्रमाण 3:2 आहे. दुसरे सांगते, पहिला चेंडू पिशवीत परत टाकला. नुसते प्रमाण दिसले की 9/25 लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण चेंडू परत टाकला नसेल, तर एकूण 5 चेंडूंसाठी उत्तर 3/10 येते आणि 10 चेंडूंसाठी 1/3. म्हणजे एकट्या प्रमाणावर भागत नाही. दुसऱ्या विधानात एकही आकडा नाही, तरी ते जोडले की एकूण चेंडू किती हे विचारायची गरजच उरत नाही.

आपल्या दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे; नाणी, फासे, पत्ते सगळे आहे. फक्त तिथे दिलेली माहिती नेहमी हवी तेवढीच असते. बाहेर तसे नसते. एखादी तपासणी निरोगी माणसांपैकी फक्त 5 टक्क्यांना चुकून रोगी ठरवते आणि एकही रोगी सोडत नाही, असे समजा. तिने रोगी ठरवलेला माणूस खरोखर रोगी असण्याची शक्यता किती? रोग 100 पैकी एकालाच असेल, तर सुमारे सहात एक. 20 जणांना असेल, तर सहात पाच. रोग किती पसरला आहे हे कळल्याशिवाय उत्तर देणे ही चूकच.

काही जण म्हणतील, हा क्लासवाल्यांचा खेळ आहे. ठरावीक पाच पर्याय, युक्त्या पाठ केल्या की झाले. पर्याय पाठ होतात हे खरे, पण चेंडू परत टाकला की नाही हे लक्षात येणे पाठ होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ज्यांना सूत्रच नीट वापरता येत नाही, त्यांच्यावर हे ओझे कशाला? मात्र सूत्र कुठे लागू पडते हे न कळता ते वापरता येते, असे म्हणणेच चुकीचे. राज्य मंडळाने दहावीच्या प्रश्नपत्रिकेत 'माहिती अपुरी आहे, कारण सांगा' असा निदान एक प्रश्न घालावा आणि त्या कारणाला पूर्ण गुण द्यावेत.